जुना कोड काढताना

अगं, तू म्हणालीस ना, "ताई, हे मॉड्यूल कुणी वापरत नाही, पण काढायचा धीर होत नाही, म्हणून सगळं कमेंट करून ठेवलंय"? तसं ठेवू नकोस. सरळ काढून टाक. कमेंटमधला कोड कंपाइल होत नाही, त्याच्यावर टेस्ट चालत नाहीत, आणि आजूबाजूचं सगळं बदलत गेलं की तो कुणाच्याच कामाचा उरत नाही. वर टीममध्ये नवीन आलेल्याला वाटतं, ठेवलाय म्हणजे काहीतरी कारण असणार. मग तोही हात लावत नाही.

कमेंटसुद्धा न करता नुसता पडून राहिलेला कोड तर त्याहून वाईट. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर दलाली करणारी कंपनी होती. 'पॉवर पेग' नावाची सोय त्यांनी २००३ मध्ये वापरायची बंद केली, पण तिचा कोड सर्व्हरवर तसाच राहू दिला. २०१२ मध्ये नव्या सोयीसाठी त्यांनी तिचाच जुना फ्लॅग वापरला, आणि आठांपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहून गेला. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि त्या एका सर्व्हरवर पॉवर पेग जागा झाला. पाऊण तासात ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान! त्या बातमीने मला आजही धडकी भरते.

पण घाईही नको हं. फंक्शनचं नाव कोडमध्ये शोधून सापडलं नाही, एवढ्यावर विसंबू नकोस. ते कॉन्फिग फाइलमध्ये असेल, डेटाबेसच्या एखाद्या रकान्यात असेल, रात्रीच्या क्रॉन जॉबमध्ये असेल, नाहीतर दुसऱ्याच रिपॉझिटरीत. शंका असेल तर त्या फंक्शनमध्ये लॉगची एक ओळ घाल आणि थांब. हिशेबाचं काही असेल तर मार्चअखेर उलटून जाऊ दे, काही रिपोर्ट वर्षातून एकदाच चालतात.

मग काढ, आणि त्याचा कमिट वेगळा कर. त्यात दुसरा कुठलाही बदल मिसळू नकोस, म्हणजे गरज पडली तर तेवढाच रिव्हर्ट करता येतो. मेसेजमध्ये नुसतं 'क्लीनअप' लिहिशील तर मी रागावेन. काय काढलं, त्याची जागा कशाने घेतली, कधीपासून वापरात नव्हतं, सगळं लिही. उद्या कुणाला लागलंच, तर गिट लॉगला मोठ्या एसचा पर्याय आणि फंक्शनचं नाव द्यायचं. ते नाव कुठल्या कमिटमध्ये आलं आणि कुठल्या कमिटमध्ये गेलं, दोन्ही समोर येतं. फाइल परत आणताना मात्र काढल्याच्या आधीचा कमिट घ्यायचा, काढला त्यात ती नसतेच. 'ओल्ड' नावाची ब्रांच वगैरे ठेवूच नकोस, फार वाटलं तर टॅग लाव.

एक मात्र नीट ऐक. गिट कोड सांभाळतं, डेटा नाही. कोडबरोबर टेबलही उडवायचा मोह होईल. ते काम नंतर, वेगळं, बॅकअप घेऊन आणि तो रिस्टोअर होतोय हे बघूनच.

आणि ज्यांनी ते मॉड्यूल लिहिलं ते अजून कंपनीत असतील, तर आधी त्यांच्याशी बोल. त्यात त्यांच्या कितीतरी रात्री गेल्या असतील. पुल रिक्वेस्टवर रिव्ह्यूअर म्हणून त्यांचंच नाव घाल.