ताक्यावरचे नाव



भिवंडीत विणल्या जाणाऱ्या बहुतेक कापडावर विणणाऱ्याचे नाव नसते. व्यापारी सूत किंवा भरलेला बीम देतो, यंत्रमागवाला ताके विणून परत करतो आणि मजुरी घेतो. तोच ग्रे, म्हणजे कोरा माल पुढे रंगून, धुऊन दुसऱ्याच्या छापाने बाजारात जातो. त्यामुळे या गावात फर्मची ओळख पाटीवर शोधण्यात अर्थ नाही. ती व्यापाऱ्याच्या गादीवर आणि कारागिरांच्या भिशीत ठरते. दोन्हीकडे मालक हजर नसतो, हे विशेष.

गादीवर पाहिले जाते ते मोजकेच. ठरलेले पीक, म्हणजे इंचातले आडवे धागे, ताक्याच्या शेवटापर्यंत टिकले आहे का, पन्हा भरतो का, आणि दिलेल्या सुताच्या वजनाशी कापड व घट यांचा मेळ बसतो का. पीक थोडे उतरवले तर माग तेवढ्याच वेळात जास्त मीटर काढतो, आणि भिंग लावल्याशिवाय ते सहसा कळतही नाही. मंदीत हा मोह वाढतो. जो यंत्रमागवाला तेव्हाही पीक उतरवत नाही आणि सूत खराब आले तर विणण्याआधीच कळवतो, त्याचा बीम व्यापारी सहसा दुसऱ्याकडे नेत नाही.

भिशी म्हणजे उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेल्या कारागिरांची खानावळ. मजुरी मीटरवर आणि पाळी बहुधा बारा तासांची. कोणता शेठ ठरल्या दिवशी हिशेब करतो, कोण न दाखवताच डॅमेजचे पैसे कापतो, कोण उचल देऊन माणूस अडकवून ठेवतो, याची चर्चा तिथे रोज होते. धागा सारखा तुटत असेल तर दोष सुताचाही असू शकतो. म्हणून कपात करण्यापूर्वी ताका कारागिरासमोर उलगडावा. रात्रपाळीला मालक नसतो, त्याच्या वतीने देखरेख करणारा मेहता असतो. मालक सकाळी फक्त मीटर विचारत असेल, तर मेहताही मीटरच मोजणार, आणि कारखान्याची रीत तीच होणार. मोठ्या कंपन्या ज्याला कल्चर म्हणून भिंतीवर चौकटीत लावतात, ते एवढेच असते.

अशा रीतीतून ओळख बनल्याचे महाराष्ट्रातले जुने उदाहरण किर्लोस्करवाडीचे आहे. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर नांगरांचा कारखाना आणि त्याभोवती वसाहत उभी केली. लोखंडी नांगराने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर खपवण्याआधी विश्वास कमवावा लागला. गुन्हेगार म्हणून शिक्षा भोगलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहाऱ्यावर नेमले. ही गोष्ट पुढे इतक्या वेळा सांगितली गेली की तीच कारखान्याची ओळख झाली, आणि तिला जाहिरातीचा खर्च आला नाही. कारखान्याची बातमी देणारी ‘किर्लोस्कर खबर’ शंकरराव किर्लोस्करांनी काढली ती 1920 मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. आजचे नवउद्योजक हा क्रम उलटा लावतात.

भिवंडीतल्याच गोदामांच्या धंद्यात अडचण वेगळी. जीएसटी 2017 मध्ये आल्यावर माणकोली, वळ, दापोडे, काल्हेर भागात मोठमोठी गोदामे वाढली. तिथला कामगार अंगात एका कंपनीचा टी-शर्ट घालतो आणि पगार दुसऱ्याच कंत्राटदाराकडून घेतो. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर येते. बदनामी तर आधीच आलेली असते. तेव्हा हजेरी, पाणी, संडास आणि पगाराची तारीख या गोष्टी कंत्राटदारावर सोपवून मोकळे होऊ नये.

एकाच शेडमध्ये अनेक भाषा व धर्म असतील तर भांडण होण्याची वाट न पाहता एकत्र बसण्याची सवय लावावी. 1984 च्या दंगलीत होरपळलेल्या याच गावात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी 1988 पासून मोहल्ला समित्या बांधल्या. माणसे आधीपासून एकत्र बसत होती, म्हणून 1992-93 मध्ये मुंबई पेटली तरी भिवंडी शांत राहिली. शेडमध्ये पंधरवड्यातून एकदा, हिशेबाच्या दिवशीच, मालक, मेहता आणि प्रत्येक गटातला एक कारागीर बसला तरी पुरे. अशा बैठकीत मालकाने कमी बोलावे.

नाव, रंग, चिन्ह हे शेवटी. ग्रे सोडून स्वतःचे कापड विकायचे ठरले की नाव आधी ट्रेडमार्कच्या नोंदवहीत तपासून पाहावे. कापड चोविसाव्या वर्गात येते, तयार कपडे पंचविसाव्या. दोन्ही विकायचे असतील तर दोन्हीकडे अर्ज करावा. नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. आडनावाचा हट्ट धरू नये. त्या आडनावाचे दहा जण गावात कापडच विकत असतात.