वीस कुंड्यांची बाग : घरगुती औषधांना खर्च किती?

जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस दिसला की जो तो एक उपाय सांगतो आणि वर म्हणतो, ‘फुकटात होतं.’ फुकटात होत नाही. तेल, साबण, गूळ, बेसन विकतच आणावं लागतं, आणि प्रमाण चुकून झाड गेलं तर रोपाचे पैसेही जातात. पुढचे दर पुण्यातले, किरकोळ खरेदीचे आणि ढोबळ आहेत. दुकानागणिक फरक धरा.

माझा सर्वांत जास्त भरवसा कडुनिंबावर. १०० मिली तेलाची बाटली साधारण १५० रुपयांना मिळते. लिटरभर पाण्याला ५ मिली तेल लागतं. म्हणजे एका बाटलीत २० लिटर द्रावण, लिटरला साडेसात रुपये. वीस कुंड्यांना एका वेळी लिटरभर पुरतं. तेल नुसतं पाण्यात मिसळत नाही. आधी तेलात भांड्यांचा पातळ साबण २ मिली घोटा, मग थोडं थोडं कोमट पाणी घाला. ही पायरी गाळली तर तेलाचे थेंब पानावर बसतात आणि पान भाजतं. पहिल्यांदा दोन-चार पानांवरच फवारून दुसऱ्या दिवशी बघा. फवारणी ऊन उतरल्यावरच करा, कारण यातलं ॲझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होतं. कीड लगेच मरून पडत नाही. तिचं खाणं सुटतं, कात टाकणं बिघडतं. म्हणून आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारा. तिन्हींचे मिळून २५ रुपयेही होत नाहीत. फवाऱ्याच्या बाटलीचे शंभरेक रुपये एकदाच.

तो पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावर मेण असतं, त्यामुळे औषध आत पोचत नाही. आधी जुन्या टूथब्रशने खरवडा, पाण्याची जोराची धार मारा, मग फवारा. निम्मं काम या बिनपैशाच्या धारेनेच होतं. दुधी-काकडीच्या पानांवर भुरी आली तर एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा. ब्राझीलमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात भोपळावर्गीय पिकावर याचा चांगला गुण आला होता. खर्च लिटरला सहा-सात रुपये.

तंबाखूचं पाणी मात्र करू नका. निकोटिन माणसालाही विषारी आहे, आणि तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला विषाणूरोग लागू शकतो.

जीवामृताचं मूळ प्रमाण एकरासाठी आहे : २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, मूठभर माती. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी ते घरोघर पोचवलं. वीस कुंड्यांना दोन लिटर पुष्कळ झालं. त्यासाठी शेण १०० ग्रॅम, गोमूत्र १०० मिली, गूळ-बेसन २०-२० ग्रॅम. गूळ-बेसनाचे तीन-चार रुपये. गोठा जवळ नसेल तर शेण-गोमूत्र आणण्याचाच खर्च जास्त. दोन दिवस सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळा, दहापट पाण्यात मिसळून आठवड्याच्या आत वापरा. पण हे खत नव्हे, विरजण आहे. दूधच नसेल तर विरजण लावणार कशाला? मातीत पालापाचोळा, कंपोस्ट नसेल तर हे पैसे वाया गेले समजा.

खरी बचत कंपोस्टमध्येच आहे. कुंडीला अर्धा किलो गांडूळखत, वर्षातून दोनदा, म्हणजे २० किलो. पाकिटातलं ३० रुपये किलो धरलं तरी ६०० रुपये. भोकं पाडलेल्या दोन बादल्या ३०० रुपयांत येतात. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर सुकी पानं टाका, तीनेक महिन्यांत खत तयार. पहिल्याच वर्षी बादल्यांचे पैसे सुटतात.

तणासाठी मीठ आणि व्हिनेगर सुचवणारे पुष्कळ भेटतात. मीठ मातीत राहतं आणि पुढच्या रोपालाही मारतं. व्हिनेगरने लव्हाळ्याची पात जळते. खालची गाठ शाबूत राहते आणि पुन्हा फुटते. ८० रुपयांची खुरपी घ्या, गाठीसकट उपटा, वर सुक्या पानांचं दोन बोटं आच्छादन घाला.

जून-जुलैत रस्त्याकडेला निंबोळ्यांचा सडा पडतो. किलोभर वेचा, गर धुऊन काढा, सावलीत खडखडीत वाळवा आणि कापडी पिशवीत ठेवा. ५० ग्रॅम कुटून रात्रभर भिजवायच्या, सकाळी गाळून पाणी लिटरभर करायचं, चिमूटभर साबण घालून त्याच संध्याकाळी फवारायचं. मग तेलाची बाटलीही विकत आणायला नको.