कार्डाचा क्रमांक वाचावा

विद्यार्थिमित्रहो, लिनक्सवर वायरलेस कार्ड चाललें नाहीं, म्हणजे तें बिघडलेंच असें समजूं नये. बहुधा कार्ड निर्दोष असतें. त्यास योग्य ड्रायव्हर किंवा फर्मवेअर मिळालेलें नसतें.

‘एल-एस-पी-सी-आय’ या आज्ञेस ‘-एनएन’ जोडल्यास कार्डाचा क्रमांक दिसतो. ‘१४ई४:४३११’ यांत पूर्वार्ध ब्रॉडकॉम कंपनीचा व उत्तरार्ध त्या चिपचा होय. खोक्यावरील नांवापेक्षां हाच क्रमांक प्रमाण मानावा. नंतर ‘डी-एम-ई-एस-जी’ या आज्ञेनें कर्नलची नोंद वाचावी. फर्मवेअर नसल्यास तेथें तसा उल्लेख सांपडतो. तें दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हनें आणून बसवावें.

या चिपांची माहिती कंपनीनें दिली नसतांही स्वयंसेवकांनीं जुन्या ड्रायव्हरचें वर्तन अभ्यासून नवा लिहिला. २००६ सालीं तो कर्नलांत आला. पालकहो, नवें कार्ड घेण्यापूर्वीं मुलांस हा शोध अवश्य करूं द्यावा.