कीटकनाशक निष्प्रभ ठरल्यास : पुरावा, ग्राहक कायदा आणि कर्जदार शेतकरी

कपाशीवर लागोपाठ दोन फवारण्या होऊनही तुडतुडे कमी होत नाहीत, तेव्हा शेतकऱ्याचा संशय प्रथम औषधाच्या दर्जावर जातो. औषध बहुधा कृषी सेवा केंद्रातून उधारीवर आणलेले असते. पीक हातचे गेले तरी उधारी आणि बँकेचे पीककर्ज कायम राहते. अशा वेळी भरपाईचा कायदेशीर मार्ग उपलब्ध आहे. मात्र या प्रकरणांचा निकाल बऱ्याच अंशी शेतात, पहिल्या आठ-दहा दिवसांतच ठरतो, आणि तेथेच विस्तार कार्यकर्त्याची खरी गरज असते.

कीड न मरण्याचे कारण प्रत्येक वेळी गैरदर्जाचे औषध हेच असते असे नाही. इमिडाक्लोप्रिडसारख्या निओनिकोटिनॉइड गटातील औषधांना तुडतुड्यांमध्ये प्रतिकारशक्ती आल्याची नोंद भारतात झालेली आहे. चुकीची मात्रा, फवारणीनंतर लगेच आलेला पाऊस किंवा एकाच पंपात चार औषधांचे मिश्रण यांमुळेही परिणाम घटतो. विरुद्ध पक्षाचा वकील हेच मुद्दे मांडतो. त्यांना उत्तर देण्याचा सोपा उपाय म्हणजे तुलनात्मक पट्टे. संशयित औषध एका पट्ट्यात, तोच सक्रिय घटक असलेले दुसऱ्या उत्पादकाचे औषध तितक्याच मात्रेत दुसऱ्या पट्ट्यात फवारावे आणि तिसरा पट्टा विनाफवारणीचा ठेवावा. फवारणीपूर्वी व नंतर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी वीस झाडांच्या वरच्या, मधल्या व खालच्या अशा तीन पानांवरील तुडतुडे मोजून तारखेसह नोंदवावेत. दोन्ही औषधे निष्प्रभ ठरली तर प्रतिकारशक्तीची शक्यता अधिक. तक्रारीपेक्षा औषधाचा गट बदलणे शहाणपणाचे. केवळ संशयित औषधच निष्प्रभ ठरले तर दर्जाविषयीच्या संशयाला आधार मिळतो. अंतिम पुरावा अर्थातच प्रयोगशाळेचा अहवाल हाच.

त्यासाठी नमुना लागतो. एकाच बॅचच्या अनेक बाटल्या घेतल्या असतील तर एक सीलबंद राखून ठेवावी. उघडलेल्या बाटलीत भेसळ केल्याचा आक्षेप सहज घेतला जातो. रिकाम्या बाटल्या, वेष्टन व माहितीपत्रकही प्रकरण संपेपर्यंत सुरक्षित जागी ठेवावे. कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार कीटकनाशक निरीक्षक दुकानातील साठ्यातून नमुना घेऊन त्याचे तीन भाग करतो. पैकी एक ज्याच्याकडून नमुना घेतला त्याला, एक विश्लेषकाकडे व एक न्यायालयासाठी. त्या बॅचचा माल संपण्यापूर्वी निरीक्षकाकडे लेखी अर्ज पोहोचला पाहिजे व अर्जाची पोच घेतली पाहिजे. तोंडी सांगण्याला येथे काहीच मोल नाही.

उधारीच्या व्यवहारात पावती मागण्याचा संकोच होतो. हा संकोच महाग पडतो. बॅच क्रमांक, उत्पादकाचे नाव व अंतिम मुदत नोंदलेले उधारीचे बिलही खरेदीचा पुरावाच असते. वहीतील नुसती रक्कम तसे काही सिद्ध करीत नाही.

शेतकरी ‘ग्राहक’ आहे काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या आंध्र प्रदेशातील बियाणे प्रकरणात निकाली काढला. बियाणे कायदा असला तरी ग्राहक मंचाचा मार्ग शेतकऱ्याला खुला आहे, असे न्यायालयाने म्हटले. शेतकऱ्याने पेरलेल्या बियाण्याचा नमुना तपासणीसाठी राखून ठेवला नाही, एवढ्यावरून त्याची तक्रार फेटाळता येत नाही, हेही या निकालातून स्पष्ट झाले. हा दिलासा मोठा आहे. तथापि कीटकनाशकाच्या बाबतीत त्यावर विसंबून बाटली फेकून देऊ नये.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल करावी लागते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीवरील तक्रारीस शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यातील आयोगाकडे आता दाद मागता येते. बुऱ्हाणपूरच्या शेतकऱ्याने रावेरहून औषध आणले असेल तर त्याला जळगावला खेटे घालण्याचे कारण नाही. नमुन्याची तपासणी आवश्यक असेल तर पाच महिन्यांत निर्णय व्हावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अधिक काळ लागतो, हे शेतकऱ्याला आधीच सांगितलेले बरे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

तक्रार दाखल झाली म्हणून कर्जाचे हप्ते थांबत नाहीत, हे मात्र अनेकांच्या उशिरा लक्षात येते. बँकेस स्वतंत्र अर्ज देऊन मुदतवाढीची विनंती करावी, सोबत पंचनामा व तक्रारीची पोच जोडावी. थकीत कर्जाचे प्रकरण लोकअदालतीत गेल्यास तडजोडीचा मसुदा सहीपूर्वी विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडून वाचून घ्यावा, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. भरपाईची रक्कम पुढील हंगामानंतर मिळणार असेल आणि पहिला हप्ता दिवाळीलाच ठरला असेल, तर अशा तडजोडीवर सही न करता हप्त्याची तारीख पुढे ढकलून मागावी.