पाण्यातले लोह, यकृतातले तांबे

सिल्वासा आज कारखान्यांसाठी ओळखले जात असले, तरी खानवेलच्या वाटेवर भातशेती आणि दावणीची गुरे यांवरच गुजराण करणारी कुटुंबे अद्यापि पुष्कळ आहेत. आणि पावसाळा सरला की त्या गुरांचा आहार म्हणजे भाताचा पेंढा, तोही कित्येकदा चिखलाने माखलेला, व विंधनविहिरीचे पाणी. आमच्या म्हशींच्या दुखण्याचे मूळ याच दोहोंत होते.

प्रथम वगारींच्या डोळ्यांभोवतीचे केस तांबूस होऊन पुढे राखाडले, नंतर अंगावरचा काळा तुकतुकीत रंग उतरला, माज लांबू लागला आणि पापणी उलटून पाहता आतली बाजू फिकी दिसू लागली. तो फिकेपणा पाहून एका औषधविक्रेत्याने लोहाचे टॉनिक फर्मावले. रक्त कमी होते हे खरेच. परंतु शरीरात साठलेले लोह रक्तपेशींच्या कामी लावण्यास तांबे लागते, आणि केसांचा काळा रंगही तांब्यावाचून घडत नाही, या दोन गोष्टी त्या निदानात कोठेच नव्हत्या. उलट कोटीपोटात लोहाचा भार वाढला की गंधकाच्या संगतीने ते तांब्याचे शोषणच अडविते. म्हणून टॉनिकाच्या बाटल्या रिकाम्या होत गेल्या तसतशा वगारी अधिकच खंगल्या.

सुगावा लागला तो हौदावर. सायंकाळी सोडलेले पाणी अगदी नितळ असे आणि सकाळी त्यावर गेरूच्या रंगाची साय धरलेली असे. जमिनीखालचे विरघळलेले लोह हवा लागताच असे उघडे पडते. पशुवैद्यांनी टॉनिक थांबवून, पाणी निवळू देऊन व गाळून पाजण्यास आणि पेंढा झाडून घालण्यास सांगितले. तांब्याची मात्राही त्यांनीच ठरविली. नवे केस काळे येऊ लागले, माज मात्र पुष्कळ उशिरा आला.

अशा दुखण्यात केवळ रक्ताच्या तपासणीवर विसंबू नये, कारण यकृतातील साठा आटेपर्यंत रक्तातील तांबे बहुधा ठीकच दिसते. लोहाखेरीज दुसरा प्रतिपक्षी म्हणजे मॉलिब्डेनम. इंग्लंडातील सॉमरसेट परगण्यात हिरव्यागार कुरणांवर चरूनही गाई हगवणीने झिजत, त्याचे कारण १९३८ साली गवतातील या धातूत सापडले. कोटीपोटात गंधक व मॉलिब्डेनम एकत्र आले की तांब्याला असे जखडतात की ते शरीराच्या उपयोगी पडत नाही. यास्तव चाऱ्यात तांबे किती, एवढेच न विचारता मॉलिब्डेनमच्या मानाने ते दुपटीहून कमी तर नाही ना, हे पाहावे लागते. मळी भरपूर चारणाऱ्यांनी तिच्यातील गंधकही या हिशेबात धरावे. जस्ताचा अतिरेकही तांब्याला मारक आहे, तेव्हा खुरांसाठी म्हणून जस्ताची पुडी वेगळी घालण्यापूर्वी खनिज मिश्रणाच्या पिशवीवरील तपशील वाचलेला बरा.

तांबे कमी पडले म्हणून स्वतःच्या मुखत्यारीने मोरचूद पाण्यात कालवण्याचा मोह येथे अनेकांस होतो, आणि त्याच गोठ्यात मेंढ्या असल्या तर तो प्राणघातक ठरतो. मेंढीच्या यकृतात तांबे महिनोन्महिने निमूटपणे साचत राहते आणि एखाद्या ताणाच्या प्रसंगी एकाएकी रक्तात उतरून रक्तपेशी फोडते; डोळे पिवळे, लघवी गडद तांबडी, आणि इलाजाला फारसा अवधी उरत नाही. म्हशींचे खनिज मिश्रण मेंढ्यांच्या गव्हाणीत पडू देऊ नये.