दुसऱ्यांदा कुत्रे चावल्यास लस किती घ्यावी?

पूर्वी कुत्रे चावले असता ज्याने लस टोचून घेतली आहे, अशा मनुष्यास पुन्हा कुत्रे चावले तर त्याने काय करावे, हा प्रश्न खेडोपाडी वारंवार निघतो. त्यावर दोन तऱ्हेची उत्तरे कानी येतात. एक म्हणतो, 'एकदा सुया घेतल्या, आता जन्माची निश्चिंती झाली.' दुसरा म्हणतो, 'छे! पुन्हा सगळे पहिल्यापासून.' आमच्या मते दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. मात्र दुसऱ्याची चूक पैशाची व दगदगीची आहे, पहिल्याची प्राणावर बेतणारी आहे.

पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत या रोगाचे विषाणू असतात. ते जखमेतून मज्जातंतूंत शिरतात व तेथून हळूहळू मेंदूकडे सरकतात. या प्रवासास बहुधा काही आठवडे अथवा महिने लागतात. पण एकदा पाण्याची भीती, घशाचे आचके इत्यादी लक्षणे दिसू लागली की रोगी बहुतेक हातचा गेलाच. तेव्हा जे काही करावयाचे ते विषाणू मेंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच केले पाहिजे. लसीमुळे शरीर प्रतिकारद्रव्ये तयार करू लागते. परंतु प्रथमच लस घेणाऱ्याच्या शरीरास ती पुरेशी तयार करण्यास आठवडा, दीड आठवडा लागतो. तेवढ्या अवधीत जखमेतील विषाणू थोपविण्याकरिता, चावा रक्त निघण्याइतका असेल तर, जखमेत व जखमेभोवती तयार प्रतिकारद्रव्याची निराळी सुई द्यावी लागते.

ज्याने पूर्वी लसीचा क्रम पुरा केला आहे त्याची गोष्ट निराळी. काही वर्षांनी त्याच्या रक्तातील प्रतिकारद्रव्ये कमी झाली तरी ती तयार करण्याची आठवण शरीर विसरत नाही. नवी विहीर खणावयास अख्खा उन्हाळा जातो, पण खणलेल्या विहिरीतील गाळ काढला की झरे लागलीच वाहू लागतात. तसेच हे समजावे. म्हणून अशा मनुष्यास दोनच मात्रा पुरतात: एक त्याच दिवशी व दुसरी त्यापासून तिसऱ्या दिवशी. म्हणजे पहिली सोमवारी घेतली तर दुसरी गुरुवारी. मध्ये कितीही वर्षे लोटली असली तरी नियम हाच. जखमेत द्यावयाची ती निराळी सुई त्यास लागत नाही. पूर्वीचा क्रम पुरा होऊन तीन महिनेही झाले नसतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या इ. स. २०१८ च्या मतानुसार जखम नीट धुणे एवढेच पुरे; परंतु हा हिशेब आपल्या मनाने न करता वैद्यांस तारखा दाखवूनच करावा.

आता अपवाद. आमच्या वृद्ध वाचकांपैकी कित्येकांनी पोटात चौदा सुया घेतल्या असतील. ती लस डेव्हिड सेंपल यांनी कसौली येथे इ. स. १९११ च्या सुमारास सिद्ध केलेल्या पद्धतीची, मेंढीच्या मेंदूपासून केलेली असे; या शतकाच्या आरंभी ती आपल्या देशात बंद झाली. त्या सुया हिशेबात धरू नयेत. अशांनी नव्या लसीचा पुरा क्रम घ्यावा. पोटात सुया आता कोणासही देत नाहीत, तेव्हा त्या भयाने दवाखाना टाळण्याचे कारण उरले नाही. ज्यांनी मागे एखादी सुई घेऊन क्रम सोडून दिला, त्यांनीही आपण सुरक्षित आहोत असे मानू नये. ज्यांची प्रतिकारशक्ती रोगाने वा औषधाने क्षीण झाली आहे, त्यांस पूर्वी लस घेतली असली तरी पुरा क्रम व जखमेतील सुई या दोहोंचीही गरज असते.

पुरा क्रम म्हणजे दंडात पहिल्या, मग ३, ७, १४ व २८ या दिवशी एकेक सुई; अथवा बऱ्याच सरकारी दवाखान्यांत देतात त्याप्रमाणे कातडीत, दर खेपेस दोन ठिकाणी, पहिल्या, ३, ७ व २८ या दिवशी. लहान मुलांस मांडीत देतात. कुल्ल्यात ही लस कधीही घेऊ नये. तेथे तिचा भरवसा नाही.

चावा पहिला असो की पाचवा, जखम धुण्यातून सुटका कोणाचीही नाही. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. हे काम मळ्यातील मोटारपंपाच्या पाण्यावरही होते. मिरची, चुना, हळद, तेल यांपैकी काहीही भरू नये. त्याने जखम चिघळते आणि विषाणू आहेत तेथेच राहतात. मंत्र घालणाऱ्याकडे गेलेला दिवस तर अगदीच फुकट जातो. चावलेले कुत्रे वा मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवावे हे खरे, पण त्या निकालासाठी लस थांबवू नये.

गुरे राखणाऱ्यांस एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. गाय खात नाही, लाळ गाळते, तेव्हा घशात काही अडकले असेल असे समजून आपण तिच्या तोंडात हात घालतो. ती पिसाळलेली असेल आणि हातास ओरखडा असेल, तर तो चाव्याइतकाच धोक्याचा प्रसंग होय. पूर्वी लस घेतलेल्याने त्यावेळीही वरील दोन सुया घ्याव्यात. अशा जनावराच्या तोंडात हात घालण्याआधी पशुवैद्यास बोलवावे, व कुत्र्याने गुरास चावा घेतला असल्यास त्याची जखमही धुऊन त्याच दिवशी त्यास दाखवावे.

शेवटी कागदाविषयी. मागील लसीच्या तारखा ज्यास सांगता येत नाहीत, त्यास वैद्य पूर्वी लस न घेतलेलाच धरतात, आणि ते योग्यच आहे. म्हणून दवाखान्याने दिलेले टोचणीचे पत्रक साताबाराच्या उताऱ्याजवळ, त्याच पेटीत ठेवावे व घरातील दुसऱ्या एखाद्यास त्याची जागा सांगून ठेवावी.