डॉक सारखं तुटतंय? आधी काय जातं ते बघ

अगं, नवं डॉक मागवायची घाई करू नकोस. कार्टमध्ये टाकलं असशील, तर तिथंच राहू दे. आधी माझं ऐक.

घरून काम करणाऱ्या कितीतरी जणी हीच तक्रार सांगतात. मीटिंग ऐन रंगात आलेली असते आणि एकदम लॅपटॉपचा ‘टुडुंग’ आवाज येतो. मोठा मॉनिटर काळा पडतो, माउस जागच्या जागी थिजतो, नेट जातं. थोड्या वेळात सगळं परत येतं खरं, पण तोवर आपण ‘सॉरी, सॉरी’ म्हणत पार ओशाळून गेलेलो असतो. असं चारदा झालं की घरचे आणि ऑफिसातले म्हणायला लागतात, ‘हिला यातलं काही कळत नाही.’ पुढेपुढे आपल्यालाही ते खरं वाटतं. मला सगळ्यात जास्त राग त्या वाक्याचा येतो. कारण या दुखण्याचं निदान करायला इंजिनिअर असावं लागत नाही, नीट बघता यावं लागतं. आणि ते तुला येतं.

डॉक काय करतं ते आधी समजून घे. लॅपटॉप आणि डॉक यांना जोडणाऱ्या एका यूएसबी-सी केबलमधून तीन गोष्टी जातात: चार्जिंगची वीज, मॉनिटरचं चित्र आणि माउस, कीबोर्ड, नेट यांचा डेटा. त्यामुळे नुसतं ‘डॉक तुटतं’ म्हणून भागत नाही. पुढच्या वेळी तुटेल तेव्हा घाबरून केबल काढ-घाल करू नकोस. हात मांडीवर ठेव आणि बघ. चार्जिंगची खूण गेली का? डॉकवरचा दिवा विझला का? मॉनिटर गेला, पण माउस चालतोय का? की नुसता माउसच अडकतोय? निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

सगळं एकदम जात असेल, तर पहिला संशय केबलवर घे. फोनबरोबर आलेली यूएसबी-सी केबल दिसायला अगदी तशीच असते, पण ती बहुतेक वेळा चार्जिंगपुरती असते. तिच्यातून डेटा जातो सेकंदाला फार तर 480 मेगाबिट, आणि मॉनिटरचं चित्र जातच नाही. थंडरबोल्ट 4 च्या केबलची क्षमता आहे 40 गिगाबिट. तिच्या टोकावर विजेची खूण आणि 4 चा आकडा छापलेला असतो, तो चष्मा लावून बघून घे. साध्या केबलमधून 60 वॉटच्या वर वीज घेता येत नाही, त्यासाठी आत ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते. म्हणून डॉकच्या खोक्यात आलेली केबलच वापर. ती आखूड पडते म्हणून मध्ये जोड-केबल लावू नकोस. यूएसबी-सीच्या नियमांत अशा जोड-केबलला जागाच नाही. चाललीच तरी ती अधूनमधून दगा देते, आणि तोच तर आपला आजार आहे.

केबल ठीक असेल तर पोर्ट बघ. लॅपटॉप बंद कर आणि मोबाईलच्या टॉर्चने आत डोकाव. पर्समधून, सोफ्यावरून फिरणाऱ्या लॅपटॉपच्या पोर्टात कापसासारखा धुरळा दाबून बसलेला असतो. लाकडी टूथपिकने अलगद काढ. टाचणी, सुई, केसांची पिन अजिबात नको. लॅपटॉपला जाड कव्हर घातलं असेल तर ते काढून बघ. कव्हरच्या कडेला अडून केबल पूर्ण बसत नाही, आणि जरा हात लागला की निसटते. लॅपटॉपला यूएसबी-सीची दोन पोर्ट असतील तर दुसऱ्यात लाव. सगळी पोर्ट सारखी नसतात, काहींतून चित्र किंवा चार्जिंग जातच नाही.

आता वीज. आपल्याकडे इथंच सगळ्यात जास्त गफलत होते. डॉकला स्वतःचा अडॅप्टर असेल, तर तो कुठं लावलाय ते बघ. एक्स्टेन्शन बोर्डाच्या सैल भोकात तो जड अडॅप्टर लोंबकळत असेल, शेजारी मिक्सर किंवा इस्त्री असेल, तर आधी त्याला भिंतीतलं घट्ट सॉकेट दे. सोसायटीचा पंप सुरू झाला किंवा लाइट क्षणभर गेली, तर लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो. डॉकला बॅटरी नसते, ते बंद होऊन पुन्हा सुरू होतं. इन्व्हर्टरवर काम करत असशील तर त्याच्यावर ‘यूपीएस’ मोडचं बटण आहे का ते बघ. त्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा वेळ कमी होतो, आणि डॉकला तो झटका सहसा जाणवत नाही.

तुझ्याकडे अडॅप्टरचं डॉक नसेल, लॅपटॉपचाच चार्जर ज्यात खुपसायचा असा छोटा हब असेल, तर वॉटचा हिशेब मांड. चार्जर 65 वॉटचा असला तरी त्यातले दहा-पंधरा वॉट हब स्वतःसाठी ठेवतो. लॅपटॉपला उरतात जेमतेम पन्नास. ‘स्लो चार्जर’ असा इशारा दिसत असेल, तर मोठा चार्जर घे. आणि हबमधला चार्जर मीटिंग चालू असताना काढू-घालू नकोस. त्या क्षणी विजेची बोलणी नव्याने होतात आणि सगळंच एकदा तुटतं.

नुसता मॉनिटर जात असेल, तर वाट वेगळी. फोर-के मॉनिटर 60 हर्ट्झवर असेल तर सेटिंगमध्ये जाऊन थोडा वेळ 30 वर आण. थांबलं, तर दोष डॉक-मॉनिटरच्या मधल्या केबलचा तरी आहे किंवा डॉकच्या ताकदीचा. आणखी एक सांगते, विश्वास बसणार नाही. खुर्चीवरून उठताना-बसताना स्क्रीन जातो का ते बघ. गॅसवर वर-खाली होणाऱ्या ऑफिस-खुर्च्यांमधून स्थिर विजेचा झटका सुटतो, तो चित्राच्या केबलला लागतो आणि मॉनिटर क्षणभर काळा पडतो. अनेक डॉकमधली चित्राची चिप बनवणाऱ्या डिस्प्लेलिंकनेच हे आपल्या ग्राहकांना सांगितलेलं आहे. चांगली जाड आवरणाची केबल घेतली आणि ती खुर्चीपासून लांब नेली की फरक पडतो.

नुसता वायरलेस माउस अडकत असेल, तर डॉकला दोष देऊ नकोस. वेगवान यूएसबी 3 पोर्टमधून निघणारा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या माउसला त्रास देतो, हे इंटेलने 2012 सालीच मांडलंय. माउसचा इवलासा रिसीव्हर डॉकवरून काढून लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लाव.

आणि तू चहा घेऊन परत येतेस तेव्हाच सगळं तुटलेलं असतं का? मग ही विंडोजची वीज वाचवण्याची सवय आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जा आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घे. डॉकचं फर्मवेअर आणि लॅपटॉपचं बायोस अपडेट करायचं असेल, तर चार्जर लावूनच कर आणि मध्येच केबल उपटू नकोस.

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर या सेटिंगला तुला हात लावता येणार नाही. आयटीवाल्यांना कळवावं लागेल. तिथं ‘डॉक चालत नाही, प्लीज बघा’ असं लिहू नकोस. असं लिही: ‘डॉक तुटताना चार्जिंग आणि मॉनिटर दोन्ही एकदम जातात, डॉकचा दिवा चालू राहतो. दुसरी केबल आणि दुसरं पोर्ट लावून पाहिलं, फरक नाही. सहकारी मैत्रिणीच्या लॅपटॉपला हेच डॉक नीट चालतं.’ असा निरोप वाचल्यावर तुला ‘रीस्टार्ट करून बघा’ असं सांगायची कुणाची हिंमत होत नाही.

एक पथ्य मात्र पाळ. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि मग दिवसभर काम करून बघ. केबल, पोर्ट, सेटिंग सगळं एका बैठकीत बदललंस आणि बरं झालं, तर कशाने झालं ते कळणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एवढं करूनही दुसऱ्या लॅपटॉपवर, दुसऱ्या केबलने, भिंतीच्या सॉकेटवर तेच डॉक तुटत असेल, तर ते खरंच गेलं. बिल शोध, वॉरंटी बघ, बदलून घे. पण तो निकाल तू दे, तुझ्या डोळ्यांनी बघून. दुरुस्ती कुणाच्याही हातून करून घे, त्यात कमीपणा नाही. निदान मात्र तुझं असू दे. आणि ‘मला यातलं काही कळत नाही’ हे वाक्य आजपासून तोंडातून काढू नकोस.